पंधरावं मत

टेंभुर्णी,
रविवार, २ नोव्हेंबर २०२५

चि. भारत,

जय भीम. तू फोन उचलत नाहीस आणि मेसेजवर नुसत्या निळ्या खुणा येतात, म्हणून पत्र लिहिते आहे. स्पीड पोस्टानं पाठवणार. पोस्टमन सही घेईल, म्हणजे तुझ्या हातात पडलं एवढं तरी कळेल. वाचायचं की नाही ते तुझं तू बघ.

दिवाळीच्या आठवड्यात तुझ्या पप्पांना मैदानावर चक्कर आली. ते म्हणाले, ऊन लागलं. ऊन! संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. संभाजीनगरला नेऊन अँजिओग्राफी केली तेव्हा कळलं, की हे ऊन हृदयात तीन ठिकाणी लागलेलं आहे. डॉक्टरांनी सांगितलं, महिन्याच्या आत बायपास करा, मैदान बंद, ओरडणं बंद. तेरा नोव्हेंबर ही तारीखही दिली. मी गाडीतच मनातल्या मनात पिशवी भरायला घेतली, तर हे म्हणतात कसे, "आधी क्लबचं ठरू दे. मंग बघू."

म्हणजे आता या घरात माणसाच्या छातीपेक्षा प्रबुद्ध फुटबॉल क्लब मोठा. तसा तो चौतीस वर्षं होताच, पण एवढं उघड कुणी बोललं नव्हतं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी सहाला कमिटी आपल्या ओसरीवर जमते. दीनानाथभाऊ सेक्रेटरी म्हणून वही घेऊन, अप्पाराव खजिनदार म्हणून नुसतेच, आणखी तिघंचौघं. विषय एकच, सरांनंतर कोच कोण? चहा दोनदा होतो. गुऱ्हाळ चालू आहे, पण रस काही निघत नाही.

पहिलं नाव आलं अद्वैतचं. दीनानाथभाऊंचा पुतण्या. कोचिंगचं सर्टिफिकेट घेऊन आलाय, काखेत लॅपटॉप. पोरांना पडद्यावर बाण काढून दाखवतो. हे एक दिवस मागं उभे राहून बघून आले आणि म्हणाले, "पोरगं हुशार है. पण त्याच्या बाणाला दम लागत न्हाई, आपल्या पोरांना लागतो." बाद. दुसरं नाव अप्पारावांच्या मेव्हण्याचं. तो टीमला स्वतःची बस द्यायला तयार आहे. "बस देतो तर त्याला ड्रायव्हरशेजारी बसवा, बेंचवर कशाला?" तोही बाद. तिसरा कल्याण. त्याचं नाव निघालं की हे पानाला चुना लावत बसतात.

अकरा वेळा जिल्हा जिंकून दिलेल्या माणसाच्या जागी बसवायला त्यांना माणूस हवाय तो त्यांच्यासारखाच. तसा दुसरा माझ्या पाहण्यात एकच आहे आणि तो नाशिकला शाळेतल्या पोरांना फुटबॉल शिकवतो.

मी तुला परत ये म्हणत नाहीये. गैरसमज नको. तब्येत कळवायची म्हणून लिहिलं. प्रीतीला आशीर्वाद, स्वराला गोड पापा.

तुझी,
आई


टेंभुर्णी,
रविवार, ९ नोव्हेंबर

चि. भारत,

तेरा तारीख गेली. म्हणजे अजून यायचीय, पण गेली. यांनी परस्पर दवाखान्यात फोन करून "घरात अडचण है" असं सांगितलं. घरातली अडचण कोण, ते मी विचारलं नाही.

कल्याणचं तुला सांगायचं राहिलं. तू गेलास तेव्हा तो अकरा वर्षं यांच्या हाताखाली होता, आता एकोणीस झाली. दिवसभर भोकरदनच्या मार्केटात मापाडी म्हणून पोती तोलतो, चारच्या बसनं येतो, मैदानावर चुन्याच्या रेघा मारतो, हजेरी घेतो, कुणाचा पाय मुरगळला तर चोळतो. पोरं त्याचं ऐकतात. मग घोडं कुठं अडलंय? तर शहागडच्या धाब्यावर.

सहा वर्षांपूर्वी बीडकडून सेमीफायनल हरून टीम परत येत होती. शहागडला धाब्यावर गाडी थांबली. सर जेवले नाहीत म्हणून पोरं जेवली नाहीत. सगळे खाली माना घालून. आणि कल्याणनं पिठलं-भाकरी मागवली. तीन भाकरी खाल्ल्या आणि वर कांदा मागितला. यांनी ते आजवर माफ केलेलं नाही. परवा कमिटीत अप्पारावांनी फारच रेटलं तेव्हा बोलले, "हरलेल्या माणसाला भूक लागतेच कशी? ज्याला हारीचं दुःख न्हाई त्याच्या हाती टीम देऊ?"

मी आत चहा गाळत होते. मला वाटलं, बाहेर जावं आणि सांगावं, की या घरात प्रत्येक हारीनंतर दोन दोन दिवस चूल नुसती पेटून विझली आहे. तू नऊ वर्षांचा होतास तेव्हापासून तूही ताटावरून उठायला शिकलास. बापाचं बघून. मी वाढायची आणि मीच झाकून ठेवायची. एक माणूस हरल्यावरही जेवला तर काय आभाळ कोसळतं का? पण गाळणी हातात होती, गेले नाही.

त्याच बैठकीत तुझं नाव निघालं. कुणी काढलं ते सांगत नाही. हे म्हणाले, "कलम नऊ." तेवढंच. आजी किंवा माजी पदाधिकाऱ्याचा मुलगा वा मुलगी क्लबात कोणत्याही पदावर येणार नाही. १९९१ साली स्वतःच्या हातानं लिहिलेलं. आजूबाजूचे सगळे क्लब कुणाच्या तरी घरचे झाले होते, आपला होऊ द्यायचा नाही, म्हणून. आठ वर्षांपूर्वी तू पतियाळ्याचा कोचिंगचा डिप्लोमा घेऊन आलास, कमिटी तुला असिस्टंट करायला तयार होती, आणि यांनी सगळ्या पोरांसमोर उभं राहून हेच कलम वाचून दाखवलं. घरात सांगता आलं असतं. दार लावून सांगता आलं असतं. तो राग तुझाच आहे असं समजू नकोस, मलाही आहे.

पण परवा दीनानाथभाऊ म्हणाले, "सर, घटनेत दुरुस्ती करता येते. ती सोयही तुम्हीच ठेवलीय." आणि हे नाही म्हणाले नाहीत. पाण्याचा ग्लास हातात असताना मला हाक मारून पाणी मागितलं.

आता मला कळलं, सगळे बाद का होत होते ते. चौदा दिवस मी चहा कशासाठी केला, तर एका माणसाला तोंड उघडून "माझा मुलगा" म्हणता येत नव्हतं म्हणून.

आई


टेंभुर्णी,
मंगळवार, १८ नोव्हेंबर

चि. भारत,

आज दीनानाथभाऊ सकाळी सातलाच आले. हातात क्लबाचं पहिलं रजिस्टर, कडा कुरतडलेलं. चप्पल न काढताच ओसरीवर चढले. "वहिनी, तुम्हाला मत है! बिलकुल कायदेशीर!"

मला आधी वाटलं, माणसाला काही झालं. मग त्यांनी पान उघडून दाखवलं. संस्था नोंदवायला सात संस्थापक लागतात. १९९१ साली हे धरून सहा जणच जालन्याला नोंदणीला गेले. तुला गोवराची पुरळ उठली होती, दवाखान्यात दाखवायचं म्हणून मीही सोबत होते, तू माझ्या कडेवर. तिथल्या कारकुनानं माणसं मोजली आणि म्हणाला, सातवा कुठाय? हे इकडे तिकडे बघून म्हणाले, "हिची सही घ्या." मी केली. तू रडत होतास, कशावर सही केली ते वाचायलाही वेळ नव्हता. क्रमांक सात, सत्यशीला सर्जेराव बोर्डे, संस्थापक, आजीव सभासद, मताचा अधिकार.

चौतीस वर्षं, भारत! दर वर्षी सव्वीस नोव्हेंबरला, संविधान दिनी, क्लबाची वार्षिक सभा आपल्याच ओसरीवर होते. आधी उद्देशिका वाचतात, मग क्लबाची घटना वाचतात, मग मतदान. आणि मत असलेली बाई आत चहा करते. एकालाही आठवण नाही. ज्यानं सही करायला लावली त्यालाही नाही. हसू का रडू ते मला सकाळपासून समजलेलं नाही.

दीनानाथभाऊंचा हिशेब असा. घटना बदलायला किमान पंधरा मतं लागतात. चौदा पक्की आहेत, पाच विरोधात आहेत. हे अध्यक्ष म्हणून मत देत नाहीत. एक मत कमी पडत होतं, ते सापडलं. "पंधरावं मत घरातच होतं वहिनी, आणि आपण गावभर शोधून राह्यलो!" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. भला माणूस आहे. स्वतःच्या पुतण्याचं नाव मागं घेऊन तुझ्यासाठी धावतोय.

तू हो म्हणशील का, असं मी विचारलं. तर पटकन बोलून गेले, "म्हणजे काय? कालच फोन झाला. तीन वर्षांचा प्लॅन पाठवलाय त्यानं, चौदा पानांचा." आणि मग जीभ चावली.

असं का. आईचा फोन उचलायला आठ वर्षांत वेळ झाला नाही. स्वराला मी तिच्या आजोळी, भोकरदनला जाऊन, पाहुण्यासारखी बघून येते. आणि दीनानाथकाकांशी तुझं फोनवर बोलणं होतं. चौदा पानं! मला चौदा ओळी तरी लिहायच्या होत्यास.

"मत कसं देणार?" हे दीनानाथभाऊंनी विचारलं नाही. यांनीही नाही. आईला काय विचारायचं.

सभेला जाईन म्हणते.

आई


टेंभुर्णी,
शनिवार, २२ नोव्हेंबर

भारत,

घाईत लिहिते आहे. काल हे आणि दीनानाथभाऊ अंगणात बोलत होते. मी खिडकीशी तूर निवडत होते, त्यांना वाटलं मी आत आहे.

हे म्हणाले, "भारत आला की मी दोन वर्षं शेजारी बसतो. पोराचं डोकं तेज है, पण पाचच मिनिटांत तापतं. मी बसलो का बराबर होईल."

दीनानाथभाऊ म्हणाले, "आणि ऑपरेशन?"

"सीझन संपू दे. जूनमधी बघू. एवढ्यात काय मरून राह्यलो का?"

किती दिवसांनी त्यांच्या आवाजात आनंद होता ते सांगून तुला पटणार नाही. रात्री जेवताना दोन भाकरी खाल्ल्या, डॉक्टरांनी बंद केलेला ठेचाही मागितला. मी दिला नाही. त्यावरही रागावले नाहीत.

डॉक्टरांनी महिना दिला होता. तो या आठवड्यात संपतो आहे.

आई


टेंभुर्णी,
शनिवार, २९ नोव्हेंबर

चि. भारत,

दुरुस्ती फेटाळली गेली हे दीनानाथभाऊंनी तुला त्याच दिवशी कळवलं असेल. चौदा बाजूनं, सहा विरोधात. सहावं मत कुणाचं, हे त्यांना माहीत नव्हतं. म्हणून मी सांगते. माझं होतं.

आता पत्र बाजूला ठेवायचं असेल तर ठेव, थोड्या वेळानं उचल, पण शेवटपर्यंत वाच.

बुधवारी ओसरीवर वीस जण होते. मी पहिल्यांदा सतरंजीवर बसले. चहा बाहेरून मागवला, तो गुळमट होता आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघत प्यायला. उद्देशिका यांनी वाचली. आवाज खणखणीत, पण मध्येच श्वास घ्यायला थांबले. नेहमी थांबत नाहीत. मग चिठ्ठ्या वाटल्या. दीनानाथभाऊंनी मला पेन दिलं आणि हसले. मी "नाही" असं लिहिलं, घडी घातली, डब्यात टाकली. एवढं सहज जमलं. त्याचीच मला भीती वाटली.

दीनानाथभाऊंनी चिठ्ठ्या तीनदा मोजल्या. हे म्हणाले, "झालं. घटना है." बस. मग कोच कोण, यावर कुणात जोरच उरला नव्हता. अप्पारावच म्हणाले, "मंग राह्यला कोण? कल्याण." हात वर करायला सांगितले. बारा हात आले. त्यात माझा होता, आणि तो मी सगळ्यांना दिसेल असा वर केला. कल्याण तेव्हा मागच्या खोलीत बॉल जाळीत भरून कुलूप लावत होता. त्याला बोलावून सांगितलं तर म्हणतो, "मी चारच्या आधी न्हाई येऊ शकत, मार्केट सुटत न्हाई." तेवढंच. मला तो माणूस आवडतो. तो हरेल, जेवेल, झोपेल आणि दुसऱ्या दिवशी रेघा मारायला येईल. टीमला असा माणूस चालेल की नाही ते मला माहीत नाही. पण त्याच्या बायकोच्या घरात चूल विझणार नाही.

पण मी कल्याणसाठी मत दिलं असं म्हटलं तर ते खोटं होईल.

तू आला असतास तर हे तुझ्या शेजारी बसले असते. पहिल्या मॅचला तुम्ही भांडला असता, दुसऱ्या मॅचला ते तिथेच कोसळले असते, आणि आयुष्यभर तुला वाटलं असतं की माझ्यामुळे झालं. मी तुम्हा दोघांना ओळखते. तू त्यांच्याच हाडाचा आहेस. जिंकताना तुमच्यासारखी माणसं नाहीत आणि हरताना तुमच्याजवळ थांबवत नाही.

आणि एक कारण आहे, ते चांगलं नाही, तरी सांगते. या कलमापायी मी आठ वर्षं मुलाशिवाय काढली. सण गेले, स्वराचं पहिलं पाऊल गेलं, माझ्या रिटायरमेंटचा कार्यक्रम गेला. मी स्वतःला समजावत राहिले, की माणूस तत्त्वाचा आहे, तत्त्वाला किंमत द्यावी लागते. आणि आता पंधरा चिठ्ठ्यांत ते कलम पुसायचं? इतकं सोपं होतं तर तेव्हा का नाही पुसलं? मला राग आला, भारत. यांचा, तुझा, चौदा पानांचा, सगळ्यांचाच. तो रागही त्या चिठ्ठीत होता. नव्हता असं मी म्हणणार नाही.

मी हे कुणालाच सांगणार नव्हते. पण यांनी दीनानाथभाऊंवर संशय घेतला. पुतण्याचं नाव मागं पडलं म्हणून यानं दगा दिला, असं धरून बसले. गुरुवारी सकाळी भाऊ नेहमीप्रमाणे पेपर घेऊन आले, तर हे भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग घेऊन पडले. पन्नास वर्षांची दोस्ती. भाऊ उंबऱ्यात उभे राहून मला म्हणाले, "वहिनी, आईची शपथ, मी हो म्हणूनच टाकलं हो." म्हाताऱ्या माणसाचा चेहरा बघवेना. मी तिथेच सांगितलं, मोठ्यानं, भिंतीकडे तोंड केलेल्याला ऐकू जाईल असं.

हे उठून बसले. मग म्हणाले, "तुला फुटबॉलमधलं काय कळतं?"

मी म्हणाले, "फुटबॉलमधलं न्हाई कळत. तुम्हा बापलेकांतलं कळतं."

दीनानाथभाऊ पेपर ठेवून निघून गेले. संध्याकाळी सहाला हे सवयीनं ओसरीवर येऊन बसले, कुणी आलं नाही. मैदानावरून शिट्टी ऐकू आली, कल्याणची. ती संपेपर्यंत बसले. मग आत येऊन स्वतः दवाखान्यात फोन लावला आणि तारीख मागितली. फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "भारतला कळवशील?" मी हो म्हटलं. "काय कळवशील?" असं विचारलं. मी म्हटलं, सगळं. त्यावर मान हलवली.

गेल्या आठ वर्षांत तुझं नाव त्यांनी माझ्यासमोर पहिल्यांदा घेतलं.

तर हे सगळं असं आहे. तू चिडशील. चिड. आठ वर्षं तू बापावर रागावून घरी आला नाहीस. आता राग माझ्यावर धर, हक्कानं धर, तुझं घरी येणं मी माझ्या हातानं लिहून नाकारलं आहे. दीनानाथकाकांवर धरू नकोस आणि पप्पांवरही नको. या वेळी त्यांनी तुझी वाट अडवलेली नाही. त्यांना भेटायला आता तुला काही अडचण उरलेली नाही.

ऑपरेशन गुरुवारी, चार डिसेंबरला. सकाळी आठला त्यांना आत नेतील. त्याआधी घरच्या एकाच माणसाला भेटू देतात, पाच मिनिटं. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस. मी बाहेर बाकावर बसेन. तू आत जा.

तुझी,
आई